माझ्या मापाचा दस्ता

परवा सकाळी रिकामी बाटली घेऊन मी तेलघाणीवर गेलो. आश्विन लागला की जवसाचं पावशेर तेल आणायचं, ही माझी पन्नासहून जास्त वर्षांची सवय. घाणीवाल्याने बाटली भरली, बूच लावलं, आणि पैसे काढताना माझ्या लक्षात आलं, की ज्या लाकडाला हे तेल चोळायचं ते आता घरात नाहीच. दहा दिवसांपूर्वी मी स्वतःच ते वरुडच्या ठाण्यात नेऊन जमा केलं. घाणीवाला म्हणाला, "काय झालं बाबाजी?" मी म्हटलं, "काही नाही," आणि तेल घेऊन घरी आलो. बाटली अजून फळीवर आहे.

आमच्या शेंदूरजनाघाटला आश्विन सुंदर असतो, हे मी नाकारत नाही. सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी धुकं पडून असतं, आंबिया बहाराची संत्री देठापासून पिवळी धरायला लागतात, ज्वारी निसवते, आणि उपटलेल्या भुईमुगाच्या मुळांना ओल्या मातीचा वास असतो. लोकांना हे सगळं आठवलं की बरं वाटतं. मला मात्र या महिन्यात जवसाच्या कच्च्या तेलाचा वास येतो आणि छातीवर कोणी हात ठेवल्यागत होतं. घरात जवसाची चटणी झाली की सगळे बोटं चाटतात, मी ताट सरकवतो. सूनबाई नवीन होती तेव्हा तिला वाटलं, सासऱ्याला तिच्या हातचं आवडत नाही. बिचारी दोन दिवस रुसून होती. मी तिला कारण सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

हे सगळं सुरू झालं त्या आश्विनात मी बावीस वर्षांचा होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आमचं गाव मोर्शी तालुक्यात, आणि कुठलाही मोठा कागद अमरावतीच्या डिप्टी कमिशनरसाहेबाच्या सहीशिवाय हलत नसे. मी अमरावतीला वसतिगृहात राहून मॅट्रिक झालो होतो. पुढे काय, हे ठरत नव्हतं म्हणून घरी होतो. घरी म्हणजे संत्र्याची बाग, तिला लागून ज्वारी-भुईमुगाचं वावर, आणि बागेच्या पलीकडे लगेच डोंगर. डोंगर जवळ असण्याचं कौतुक बाहेरच्यांना. आम्हाला डोंगरातून रानडुकरं यायची.

त्या वर्षी ती कळपाने यायला लागली. भुईमूग तर त्यांनी नांगरल्यासारखा उलटा केला. ज्वारीची ताटं आडवी पाडून कणसं खाल्ली. आणि ज्याचं दुःख सगळ्यात मोठं, ते म्हणजे नव्या कलमांची आळी. झाडाभोवती पाणी द्यायला केलेल्या त्या गोल खळग्यात माती ओली असते, ओल्या मातीत किडे असतात, म्हणून डुकरं तीच उकरायची. तीन वर्षं जपलेली कलमं मुळं वर करून पडलेली दिसली की बाबा तिथेच मातीत बसायचे. आम्ही डबे वाजवले, गोफणी मारल्या, चिंध्या जाळल्या. डुकरं दोन दिवस मान ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी यायची.

बंदूक हा साधा उपाय होता. पण आमचं घर महानुभाव पंथाचं. माय-बाबांनी उपदेश घेतलेला, दादाने लग्नाआधीच घेतलेला, वहिनी तशाच घरातली. उपदेश म्हणजे गुरूकडून नाम घ्यायचं, आणि नामासोबत आयुष्यभराचे नियम. मांस नाही, दारू नाही, जीवहत्या तर नाहीच. आमच्या घरी ढेकूणसुद्धा चिमटीत धरून अंगणापार सोडला जायचा आणि तो रीतसर परत यायचा. माझा उपदेश तेवढा राहून गेला होता. वसतिगृहातला मुलगा बाहेर काय खातो-पितो याचा भरवसा नाही, म्हणून मायने तो शिक्षण संपेपर्यंत पुढे ढकलला होता. तिचा अंदाज अगदी बरोबर होता.

एक दिवस दुपारी बागेत भाकरी खाताना बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "एक बंदूक लागन बाप्पा आता."

दादा खाली पाहत म्हणाला, "नाव कोनाचं टाकसान?"

मायने माझ्या भाकरीवर आणखी एक मिरची ठेवली. अशा रीतीने ते ठरलं.

बाबांची अट एवढीच होती, की बंदूक हवेत उडवायची. "आवाजानं पळतीन ते. मारू नको, हवेत उडवजो." आणि तिची किंमत एका बैलाच्या वर जाता कामा नये. आवाजच हवा होता तर ठासणीची जुनी बंदूक पुरली असती, तिचा परवानाही पिकाच्या राखणीसाठी लवकर मिळायचा. पण मी गाढव होतो. अमरावतीला एका वकिलाच्या मुलाकडे विलायती रायफलींचा सचित्र कॅटलॉग होता आणि तो मी इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त वाचला होता. मी बाबांना पटवलं, की ठासणीच्या बंदुकीची दारू दवाने ओली होते, रायफलीचं काडतूस होत नाही. बाबांनी आयुष्यात यातलं काहीच हाताळलं नव्हतं. शिकलेल्या मुलाचं ऐकायचं म्हणून त्यांनी ऐकलं.

अर्जही मीच लिहिला, इंग्रजीत, झोकदार अक्षरात. मोर्शीला तहसीलदारांनी तो वाचला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "रायफलच कशाला? आणि घरात मोठा भाऊ असताना तुम्हीच का?" मी मोठ्या थाटात सांगितलं, की कुटुंबात नियमाने बांधलेला नसलेला मी एकटाच. ते म्हणाले, "गावात कायम राहणार ना? का शिकून निघून जाल? परवाना गावाच्या राखणीसाठी आहे." माझ्या डोळ्यांपुढे कॅटलॉगचं पान होतं. मी म्हटलं, "कायम." तेवढ्यावर न थांबता त्यांच्याच टाकाने अर्जात तसं लिहून खाली सही केली. माझ्या हाताने लिहिलेल्या शब्दांत इतका महाग पडलेला दुसरा शब्द नाही.

परवाना आला आणि मी अमरावतीला गेलो. अंबागेटच्या अंगाला एका बोळात इस्माईल मिस्त्रींचं दुकान होतं. बंदुका विकणं कमी, दुरुस्ती जास्त. आत ग्रीसचा आणि पितळ घासल्याचा वास, आणि दारातून येणाऱ्या उजेडात लोखंडाचा कीस. भिंतीवर एक नवी रायफल टांगली होती. मी तिच्याकडे पाहतोय हे पाहून मिस्त्री म्हणाले, "नवीकडं पाहू नका बाबू. भाव ऐकला तं गावाले पायी जा लागन."

मग त्यांनी फळीखालून एकेक तुकडा काढला. एका साहेबाची रायफल घोड्याखाली आली होती, तिचं लाकूड फुटलं पण नळी शाबूत. दुसऱ्या एका जुनाट रायफलीची नळी गंजून गेली होती, पण बोटाने ओढायचा घोडा आणि खालची कडी शाबूत. कडी खाली ओढली की मागचं तोंड उघडायचं, काडतूस घालायचं, कडी वर. "एका टायमाले एकच गोळी," मिस्त्री म्हणाले. "चुकली तं दुसरी भरेलोक डुक्कर थांबत नाई. म्हनून चुकाचं नाई. दोन्हीची मी एक करून देतो."

त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि उजेडाकडे धरायला सांगितली. आतले आटे गोल फिरत दूर जात होते आणि टोकाला उजेडाची चकती होती. त्या चकतीत मला सातपुड्याचे डोंगर, साग, नदीचं पात्र, सगळं दिसत होतं. प्रत्यक्षात तिथे समोरच्या दुकानातलं घासलेटचं पिंप होतं. मी आणखी दोन नळ्या काढायला लावल्या, त्या नापास केल्या, पहिलीच ठेवली, आणि फार पारखी असल्यासारखं तोंड केलं. मिस्त्रींनी ते सहन केलं. आयुष्यात काहीतरी पूर्णपणे माझ्या पसंतीने घेण्याची ती माझी पहिली वेळ होती, आणि मी इतका सुखात होतो की मला आज त्या पोराचा राग करवत नाही.

नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे जिच्यावरून नेम धरायचा तो मुगाएवढा पितळी मणी, मिस्त्रींकडे नव्हता. अकोल्याला त्यांचा साडू हेच काम करायचा, त्याच्याकडे मिळेल म्हणाले. आणि खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता? "आमच्याकडचं अक्रोडाचं लाकूड तुम्हाले परवडनार नाई. गावचा सुतार हाय ना? त्याच्याकडून करा." म्हणून जोडून झालेलं लोखंड गोणपाटात बांधून घेतलं आणि बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो.

अकोल्याला माशी दहा मिनिटांत मिळाली. गाडीला अवकाश होता, म्हणून वसतिगृहातला माझा एक सोबती तिथल्या एका शाळेत मास्तर होता त्याला भेटायला गेलो. त्याने मला सरळ हेडमास्तरांपुढे उभं केलं. हेडमास्तर पुण्याकडचे. "भूगोल शिकवता येईल का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता चौथीच्या वर्गात नेऊन सोडलं. फळ्यावर मी पूर्णा नदी काढली. सातपुड्यातून निघून ती आपल्या वऱ्हाडातून पश्चिमेला कशी निघून जाते, ते सांगितलं. घंटा झाली ती मला ऐकूच आली नाही. हेडमास्तर दाराशी उभे होते. म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हा. मी पत्राने कळवतो. राहायला शाळेमागे खोली आहे, पाहून घ्या."

मी खोली पाहिली. तिला एक खिडकी होती आणि खिडकीखालून कापसाच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या. भिंतीत आधीच्या मास्तरांनी ठोकलेला एक खिळा होता. मनातल्या मनात मी त्यावर माझी टोपी अडकवली. पाच मिनिटं उभा होतो तिथे. त्या खोलीइतकी माझी वाटलेली जागा मला पुढे कधी मिळाली नाही.

परतीच्या गाडीत एका खिशात माशी होती आणि डोक्यात खोली. दोघींचं एकमेकींशी काही वाकडं असेल असं मनातही नव्हतं. वेळ जावा म्हणून मी परवाना काढून वाचायला लागलो आणि मागचा बारीक छापाही वाचला. परवानाधारक गाव सोडून राहायला गेला तर हत्यार ठाण्यात जमा करावं, असं त्यात होतं. मी ते तीनदा वाचलं. मग मला तहसीलदारांचा टाक आठवला. बडनेरा येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो, पण दिसत काही नव्हतं.

घरी कोणाला काही बोललो नाही. आज सांगू, उद्या सांगू. रायफल आधी पुरी होऊ दे, मग काहीतरी मार्ग निघेल, असं स्वतःला समजावत होतो.

गुलाब सुताराने लोखंड उलटंपालटं करून पाहिलं. "मी वखर करतो, तिफन करतो, पाळना करतो. हेबी लाकूडच हाय," तो म्हणाला, आणि बैलगाडीसाठी राखून ठेवलेलं शिसम काढलं. माप घ्यायला त्याने मला कोपर वाकवून उभं केलं, कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत सुतळी धरली आणि तिला दुहेरी गाठ मारली. मग मान वाकवायला लावली, गाल कुठे टेकतो ते पाहिलं. "तुमचा हात लांब हाय किसनाभाऊ. अन् मानबी. हे दुसऱ्याच्या कामाचं राहनार नाई." मला तेव्हा याचा अभिमान वाटला.

माशी नळीवर बसवली, दस्ता झाला. त्यावर जवसाचं तेल तळहाताने चोळायचं, लाकूड गरम होईपर्यंत, आठ दिवस. "फडक्यानं नाई, हातानं," गुलाबने बजावलं. मी ओसरीवर बसून चोळायचो. तेल बोटांच्या रेघांत शिरलं, भाकरीला त्याचा वास, उशीला त्याचा वास. शिसमाचा काळपट तांबूस रंग दिवसेंदिवस उघडत होता आणि दिवाळी जवळ येत होती. माय देवघरातून नामस्मरण करत माझ्याकडे पाहायची. तिने कधी विचारलं नाही, की एवढं मन लावून काय करून राहिला म्हणून. मीच तिला सांगावं की माय, मला अकोल्याला जायचंय. पण हात थांबायचे नाहीत, आणि हात चालू असताना तोंड उघडायचं नाही.

पहाटे ज्वारीतल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, मी पहिल्यांदा रायफल घेऊन बसलो तेव्हा थंडी होती. उजेड राखाडी झाला आणि शेताच्या कडेच्या धुऱ्याकडून, बांधावरून, ताटं मोडल्याचा आवाज आला. मग ते दिसलं. एकटंच होतं, मोठं, पाठीवरचे केस ओले. मला हवेत उडवायची होती. मी नळी वर केली, आणि मग नुसतं बघावं म्हणून खाली आणली. दस्ता खांद्यात असा बसला की जणू तिथेच उगवला होता. माशी डुकराच्या खांद्यामागे जाऊन स्थिर झाली. इतकं सगळं बरोबर जुळून आलेलं मी सोडू शकलो नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. मी ओरडलोसुद्धा. मग ते एका कुशीवर पडून पाय झाडायला लागलं, पळत असल्यासारखं, बराच वेळ. मला दुसरं काडतूस भरता येईना, बोटं तेलकट नव्हती तरी ते दोनदा खाली पडलं. शेवटी पाय थांबले. सूर्य वर आल्यावर लोक जमले आणि ज्यांना चालत होतं ते डुक्कर बांधून घेऊन गेले.

घरी आलो तर मायने विहिरीपाशी गरम पाणी ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "हवेत उडवजो म्हटलं होतं मी." एवढंच. मी आंघोळ केली. आत पानं वाढली होती, माझंही. मी माझं ताट उचललं आणि ओसरीवर जाऊन, दाराकडे पाठ करून बसलो.

"आत ये ना रे," माय म्हणाली. "कोनं काय म्हटलं तुले?"

"कोनी नाई म्हटलं."

"मंग काहून तिथं बसला?"

कोणी बाहेर काढलं असतं तर भांडून आत गेलो असतो. तेव्हा मागे हालचाल झाली. दादा आपलं ताट घेऊन उठला आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन बसला. तो आत, मी बाहेर. दुसऱ्या दिवशीही तसंच. चार दिवसांनी माय बोलवायची थांबली आणि ती घराची रीत होऊन गेली.

गावात मात्र माझा भाव वाढला. आजूबाजूच्या वावरवाल्यांनी भुईमुगाच्या शेंगा आणून दिल्या, कोहळी आणून दिली. "किसनाभाऊ, तुमी हाय म्हनून औंदा दाने दिसले." "उद्या आमच्या धुऱ्यावर येजा." एक म्हातारी तर माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून गेली. ते सगळे मनापासून बोलत होते. शिव्या देणाऱ्यांना सोडून जाता येतं. आभार मानणाऱ्यांना सोडून कसं जायचं, हे मला कोणत्याच शाळेने शिकवलं नव्हतं.

दिवाळीला आठवडा उरला असताना दादाने मला बागेत गाठलं. दुपार होती. संत्री अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. त्याच्या हातात पोस्टाचं कार्ड होतं.

"अकोल्याहून आलं," तो म्हणाला. "उघडंच होतं, म्हनून वाचलं. तू सांगतलं नाई."

मी कार्ड घेऊन खिशात घातलं.

"तू जाय."

"अन् हे?" मी झाडाला टेकवलेल्या रायफलीकडे पाहिलं.

"माह्या नावानं अर्ज लिहून दे. इंग्रजीत. सही मी करतो." त्याचा आवाज चढला नव्हता, कणीक भिजवायला पाणी किती लागेल हे सांगावं तसा तो बोलत होता. "नेम मोडन म्हन माहा. मोडू दे. तू शिकलेला हाय, तू काहून सडून राहिला इथं?"

दादाचा नेम, उपदेशाचा तो नियम, म्हणजे काय होतं, हे मला माहीत होतं. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर तो बैल थांबवायचा. लोक हसायचे, मीही हसायचो. तो माणूस माझ्यासाठी रोज पहाटे माळ्यावर बसायला तयार होता. त्याने रायफल उचलली आणि खांद्याला लावली. मी त्याला कसं धरायचं ते दाखवलं, इतका निर्लज्ज मी तोपर्यंत होतो. दस्ता त्याला लांब पडत होता. बोट घोड्यापर्यंत नीट पोचत नव्हतं, गाल पुढे ताणला जात होता. आणि त्याचे डोळे त्याने घट्ट मिटून घेतले होते. समोर डुक्कर नव्हतं, नुसतं संत्र्याचं झाड होतं, तरी मिटले होते.

त्या खोलीतला खिळा माझ्या डोळ्यांपुढे आला. खिडकी आली. फळ्यावरची पूर्णा आली. मी हो म्हणालो असतो तर सहज म्हणालो असतो.

"तुले नाई बसत हे दादा," मी म्हटलं आणि रायफल त्याच्या हातातून काढून घेतली. "दस्ता माह्या मापाचा हाय. गुलाबनं सांगतलं होतं, दुसऱ्याच्या कामाचं नाई म्हनून."

दादाने डोळे उघडले. त्याचा हात बंडीच्या खिशात होता. "बरं," तो म्हणाला, आणि आळं मोकळं करायला खाली वाकला.

हेडमास्तरांना मी घरगुती अडचण म्हणून कळवलं. त्यांचं चांगलं उत्तर आलं, जागा दुसऱ्याला दिली म्हणून.

पुढचं काय सांगायचं. लग्न झालं, बायकोही उपदेशी घरची होती. मुलं झाली, माय-बाबा गेले. माय जाताना मला म्हणाली, "आता तरी घे रे उपदेश," आणि मी हो म्हटलं. पण कळप दरवर्षी येत होते. नंतर सरकारचा कायदा आला, डुक्कर मारायचं नाही. रायफल खुंटीवरच राहिली. तरी मी दरवर्षी परवाना नवा केला, दर आश्विनात तेल चोळलं. का, ते मला कोणी विचारलं असतं तर मी चिडलो असतो. आणि जेवायला मी ओसरीवर, दादा उंबऱ्याच्या आत, हेही चालूच राहिलं. आम्ही जेवताना पावसापाण्याचं बोलायचो, बहाराचं बोलायचो. अकोल्याचं नाव निघालं नाही.

गेल्या चैत्रात दादा गेला. त्याची रोजची पोथी सूनबाईने या महिन्यात माझ्याकडे आणून दिली, आता तुम्हीच वाचा म्हणून. फडक्यात बांधलेली होती. फडकं सोडलं तर आत, पानांच्या खुणेसाठी, जुनी काळी पडलेली सुतळी. तिला एक गाठ. मी ती बाजूला ठेवणार होतो, पण गाठ मला ओळखीची वाटली. गुलाब सुतार तशी दुहेरी गाठ मारायचा. मी कोपर वाकवलं आणि सुतळी लावून पाहिली. माझ्या हातावर ती बोटभर कमी भरली.

मग सगळं एकदम समजलं. मला बागेत गाठण्याआधी तो गुलाबकडे जाऊन आपल्या हाताचं माप देऊन आला होता. लांब दस्ता आखूड करायला करवतीचं अर्ध्या तासाचं काम असतं. हे मला माहीत होतं, म्हणूनच तर मी खोटं बोललो होतो. त्यालाही माहीत होतं, आणि खिशात सुतळी धरून त्याने माझं खोटं ऐकून घेतलं. तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं असेल का? वाटलं असलं तर चांगलंच आहे. दोघांतला एक तरी सुटला.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीने वरुडला जाऊन रायफल जमा केली. ठाण्यातल्या शिपायाने दस्त्यावर हात फिरवला. "लय सांभाळली बाबाजी तुमी. मंग काहून देऊन राहिले?" मी म्हटलं, "आता गरज नाही." त्याने पावती दिली.

संध्याकाळी सूनबाईने माझं ताट आत सगळ्यांसोबत वाढलं. "मामाजी, आता आतच बसा," ती म्हणाली. मी आत गेलो, पाट पाहिला, आणि ताट उचललं. तिचा चेहरा पडला. मी ओसरीवर गेलो नाही. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, दादा बसायचा तिथे, बाहेर तोंड करून बसलो. त्या जागेवर मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. तिथून समोर माझी ओसरीवरची जागा दिसते, आणि मी नेहमी दाराकडे पाठ करून बसायचो. इतकी वर्षं रोज दोन्ही वेळा जेवताना त्याला माझी पाठ दिसत होती.